जुन्या पेट्रोल इंजिनांतील उत्सर्जन नियंत्रण : एक चिकित्सक पुनर्विचार

बीजशब्द : पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, उत्प्रेरक परिवर्तक, हवा-इंधन गुणोत्तर, पीयूसी चाचणी

प्रस्तावना

पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाल्यापासून वाहनांच्या धुराचा उल्लेख सर्वच विद्याशाखांच्या वर्गांत होऊ लागला. हा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतो : मोटारीच्या धुरात विषारी वायू असतात आणि उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो. वाक्य चुकीचे नाही, मात्र ते अपुरे आहे. प्रदूषण ही धुराच्या नळीच्या टोकाशी उद्भवणारी बाब असून तेथे एक उपकरण बसविले की प्रश्न मिटतो, अशी समजूत त्यातून तयार होते. विद्यार्थी पुढे नागरिक, वाहनमालक वा प्रशासक होतो तेव्हाही ही समजूत त्याच्यासोबत राहते.

प्रस्तुत लेखात १९६० ते १९८० या कालखंडात प्रामुख्याने अमेरिकेत विकसित झालेल्या उत्सर्जन नियंत्रणाच्या पद्धतींची चिकित्सा केली आहे. या पद्धती कशा चालतात हे सांगणे हा एक हेतू आहे. त्यातील प्रत्येक उपायाने काय साधले आणि त्याचे मोल कोणाला द्यावे लागले याचा विचार करणे हा दुसरा. अखेरीस याच पद्धती भारतात, विशेषतः मुंबईत, कोणत्या स्वरूपात आल्या आणि आपण त्यांची परीक्षा कशी घेतो याकडे वळावयाचे आहे.

तीन प्रदूषके आणि त्यांची परस्परविरोधी कारणे

पेट्रोलचे पूर्ण ज्वलन झाले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरावयास हवे. प्रत्यक्षात तीन प्रदूषके बाहेर पडतात आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असते. कार्बन मोनॉक्साइड हवेच्या कमतरतेतून निर्माण होतो. मिश्रणात इंधन प्रमाणाबाहेर असेल, म्हणजे मिश्रण दाट असेल, तर कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. हायड्रोकार्बन हे न जळलेले वा अर्धवट जळलेले इंधन होय. सिलिंडरच्या तुलनेने थंड भिंतीलगत ज्योत विझते, पिस्टनच्या रिंगांजवळील फटींत ती पोहोचतच नाही आणि ठिणगी चुकली तर संपूर्ण मिश्रण तसेच बाहेर जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र चांगल्या ज्वलनाचे अपत्य आहेत. ज्योतीचे तापमान अतिशय वाढले आणि सोबत थोडा ऑक्सिजन शिल्लक असला की हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होतो.

सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग इंधन हे प्रमाण लागते. मिश्रण यापेक्षा दाट केले तर नायट्रोजन ऑक्साइडे घटतात, पण कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. मिश्रण किंचित विरळ केले तर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन घटतात, पण नायट्रोजन ऑक्साइडे नेमकी येथेच, १६ भाग हवेच्या आसपास, कमाल पातळी गाठतात. आणखी विरळ केले की ठिणगी चुकू लागते आणि हायड्रोकार्बन पुन्हा वाढतात. कार्ब्युरेटरच्या एका स्क्रूने तिन्ही प्रदूषके एकाच वेळी किमान पातळीवर आणता येतील असे कोणतेही गुणोत्तर नाही. पुढील वीस वर्षांचा इतिहास हा या वस्तुस्थितीशी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे.

निर्विवाद यश : क्रँककेस आणि इंधनाची टाकी

१९५०च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे रसायन उलगडले. हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखविले. त्यानंतर मोटारीतून हायड्रोकार्बन कोठून बाहेर पडतात याचा शोध सुरू झाला. नियंत्रण नसलेल्या मोटारीतील सुमारे पाचवा हिस्सा क्रँककेसमधून आणि तेवढाच टाकी व कार्ब्युरेटरमधील बाष्पीभवनातून जातो, तर उरलेला धुराच्या नळीतून, असे आढळले.

क्रँककेसवरील उपाय सर्वांत आधी आणि सर्वांत साधा होता. पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटलेले वायू पूर्वी एका उघड्या नळीतून रस्त्यावर सोडले जात. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींत ही नळी बंद करून ते वायू एका झडपेमार्गे इंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीत परत नेले जाऊ लागले. इंजिन मंद चालत असताना तेथील निर्वात तीव्र असतो. तेव्हा झडप प्रवाह मर्यादित ठेवते आणि वेग वाढला की अधिक वाट देते. बाष्पीभवनावरील उपायही याच जातीचा आहे. थांबलेल्या मोटारीतील पेट्रोलची वाफ कोळशाच्या भुकटीने भरलेल्या डब्यात शोषली जाते आणि इंजिन चालू झाल्यावर तीच वाफ इंजिनात ओढून जाळली जाते. कॅलिफोर्नियात १९७०च्या आणि अमेरिकेत सर्वत्र १९७१च्या मोटारींपासून हे नियंत्रण आले.

हे दोन्ही उपाय यशस्वी ठरले याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. वाया जाणारे इंधन ते ज्वलनाकडे परत नेतात आणि एक प्रदूषक घटविताना दुसरे वाढवीत नाहीत. पुढच्या उपायांबाबत असे म्हणता येत नाही.

निष्कासावरील पहिले उपाय आणि त्यांची किंमत

१९६६च्या मोटारींसाठी कॅलिफोर्नियाने धुराच्या नळीतील हायड्रोकार्बनला दर दहा लाखांत २७५ भाग आणि कार्बन मोनॉक्साइडला १.५ टक्के अशी मर्यादा घातली. १९६८च्या मोटारींपासून ही व्यवस्था देशभर लागू झाली. उत्पादकांपुढे दोन मार्ग होते. पहिला, पट्ट्यावर चालणारा हवेचा पंप बसवून निष्कास झडपेच्या तोंडाशीच ताजी हवा सोडणे, जेणेकरून तप्त वायूतील उरलेले इंधन नळीतच जळेल. दुसरा, मिश्रण विरळ करणे आणि ठिणगी उशिरा पाडणे. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन लांबते, निष्कास अधिक तप्त होतो आणि हायड्रोकार्बन वाटेतच जळतात. मात्र तीच उष्णता पिस्टन ढकलण्याच्या कामी आली असती. म्हणजेच इंधनाची कार्यक्षमता घटते आणि इंजिन अधिक तापते.

या मर्यादांत दोन उणिवा होत्या. एक, नायट्रोजन ऑक्साइडांचा त्यांत समावेशच नव्हता. मिश्रण विरळ केल्याने त्यांचे प्रमाण वाढले. धुरक्याच्या दोन घटकांपैकी एक कमी करताना दुसरा वाढविला गेला, आणि कायद्याच्या दृष्टीने ते यशच ठरले. दोन, मर्यादा टक्केवारीत होती. मोठ्या इंजिनातून लहान इंजिनाच्या कित्येक पट वायू बाहेर पडत असताही टक्केवारी समान असू शकते. शिवाय पंपाने सोडलेली हवा प्रदूषक जाळते तशीच ते पातळही करते, आणि नुसत्या टक्केवारीवरून या दोहोंतील फरक कळत नाही. १९७० पासून मर्यादा दर मैलाला किती ग्रॅम अशा वजनात व्यक्त होऊ लागली, ही महत्त्वाची दुरुस्ती होय.

नायट्रोजन ऑक्साइडांवरील उत्तर १९७३च्या मोटारींत व्यापक प्रमाणावर आले. निष्कास वायूचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडण्याची ही पद्धत आहे. या वायूत जळण्यासारखे फारसे काही नसते. तो केवळ जागा व्यापतो, उष्णता शोषतो आणि ज्योतीचे कमाल तापमान खाली आणतो. मंद गतीत तो दिला तर इंजिन अडखळते आणि पूर्ण शक्ती हवी असताना दिला तर जोर कमी पडतो. म्हणून या दोन्ही वेळी निर्वातावर चालणारी झडप तो बंद ठेवते. झडपेवर काजळी साचून ती उघडी अडकली तर इंजिन थरथरते, ज्वलन चुकते आणि हायड्रोकार्बन वाढतात. ती बंद अडकली तर चालकाला फारसे काही जाणवत नाही, परंतु नायट्रोजन ऑक्साइडांवरील नियंत्रण संपलेले असते. मालकाला त्रास देणारा बिघड दुरुस्त होतो. केवळ इतरांच्या फुप्फुसांना त्रास देणारा बिघड तसाच राहतो. या संपूर्ण तंत्रज्ञानातील सामाजिक प्रश्न येथे एकवटलेला आहे.

उत्प्रेरक आणि शिसे

१९७०च्या अमेरिकन स्वच्छ हवा कायद्याने उत्सर्जनात सुमारे ९० टक्के कपात मागितली. हायड्रोकार्बनसाठी दर मैलाला ०.४१ ग्रॅम आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी ३.४ ग्रॅम हे लक्ष्य ठरले. मुदती पुढे ढकलल्या गेल्या, तरी १९७५च्या बहुसंख्य अमेरिकन मोटारींत उत्प्रेरक परिवर्तक आला. मधाच्या पोळ्यासारख्या सूक्ष्म मार्गांच्या सिरॅमिक ठोकळ्यावर किंवा लहान गोळ्यांवर प्लॅटिनम व पॅलेडियमचा अत्यल्प थर देऊन तो तयार करीत. या धातूंच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे ऑक्सिडीकरण तुलनेने कमी तापमानात होते. तरीही तो २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणून थंड इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांत, चोक ओढून मिश्रण दाट केलेले असते नेमके तेव्हाच, तो निरुपयोगी असतो.

उत्प्रेरकाचा दुसरा शत्रू शिसे. इंजिनातील ठोके थांबविण्यासाठी १९२०च्या दशकापासून पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळले जात होते. शिशाचा थर उत्प्रेरकाचा पृष्ठभाग झाकून टाकतो. म्हणून शिसेरहित पेट्रोल आणि उत्प्रेरक हे दोन्ही एकत्रच येऊ शकत होते. अमेरिकेत १९७४ पासून शिसेरहित पेट्रोल सर्वत्र उपलब्ध करण्यात आले आणि नव्या मोटारींच्या टाकीचे तोंड अरुंद करण्यात आले, जेणेकरून शिसेयुक्त पेट्रोलची जाड नळी त्यात शिरू नये. शिसेयुक्त पेट्रोल स्वस्त होते, त्यामुळे काहींनी ते तोंड मोठे करून घेतले तर काहींनी उत्प्रेरकच काढून टाकला. उत्प्रेरकामुळे ठिणगीची वेळ पुन्हा इंजिनाला अनुकूल ठेवता आली आणि आधीच्या उपायांनी घटविलेली इंधनाची कार्यक्षमता बऱ्याच अंशी परत मिळाली, हे मात्र नोंदवले पाहिजे. शिसे काढले गेल्याने मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण घटले. यंत्राच्या रक्षणासाठी उचललेल्या पावलाचा मानवी आरोग्याला झालेला हा लाभ या इतिहासातील सर्वांत मोठा म्हणावा लागेल.

'निरुपद्रवी' या शब्दाचाही येथे विचार व्हावा. उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करतो. तत्काळ विषबाधेच्या दृष्टीने ते निरुपद्रवी आहे. परंतु २००७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हरितगृह वायूंनाही स्वच्छ हवा कायद्यातील प्रदूषकाच्या व्याख्येत बसविले. धुराचे विष काढणारे उपकरण इंधनाचा वापर कमी करीत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

दुसरा मार्ग : ज्वलनातच सुधारणा

उत्प्रेरकाशिवाय गत्यंतर नाही असे अमेरिकन उत्पादक म्हणत असताना जपानच्या होंडा कंपनीने १९७२ मध्ये सीव्हीसीसी हे इंजिन जाहीर केले. त्यात मुख्य ज्वलनकक्षाला जोडून एक छोटा कक्ष असतो आणि त्यासाठी तिसरी झडप असते. छोट्या कक्षातील दाट मिश्रण ठिणगीने सहज पेटते आणि त्याची ज्योत मुख्य कक्षातील अतिशय विरळ मिश्रण पेटविते. एकूण मिश्रण विरळ असल्याने कार्बन मोनॉक्साइड कमी, ज्वलन सावकाश व तुलनेने थंड असल्याने नायट्रोजन ऑक्साइडे कमी, आणि निष्कास दीर्घकाळ तप्त राहिल्याने हायड्रोकार्बनही कमी. १९७५च्या सिव्हिक मोटारीने उत्प्रेरकाविना तत्कालीन मानक पूर्ण केले.

१९८०च्या दशकात नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा कठोर झाल्यावर या मार्गालाही उत्प्रेरकाची जोड द्यावी लागली. म्हणून सीव्हीसीसीला अंतिम उत्तर म्हणता येत नाही. तथापि जोड-उपकरण हाच एकमेव मार्ग होता, हे विधान त्याने कायमचे खोडून काढले.

तिन्ही प्रदूषकांचा एकत्रित विचार

प्रारंभीचा उत्प्रेरक केवळ ऑक्सिडीकरण करीत असे. नायट्रोजन ऑक्साइडांपासून ऑक्सिजन काढून घेण्यासाठी क्षपण आवश्यक असते. ऱ्होडियमच्या साहाय्याने दोन्ही क्रिया एकाच उपकरणात घडू शकतात, पण त्यासाठी मिश्रण १४.७ या गुणोत्तराच्या अगदी जवळ, अत्यंत अरुंद पट्ट्यात, राहिले पाहिजे. कार्ब्युरेटरला हे शक्य नव्हते. व्होल्व्हो कंपनीने १९७७च्या कॅलिफोर्नियातील मोटारींत बॉश कंपनीचा लॅम्डा संवेदक वापरला. झिरकोनियाचा हा संवेदक निष्कासातील ऑक्सिजनची तुलना बाहेरच्या हवेशी करतो. मिश्रण दाट असेल तर सुमारे ०.९ व्होल्ट, विरळ असेल तर सुमारे ०.१ व्होल्ट असा संकेत तो देतो, आणि त्यानुसार इंधनाचा पुरवठा सतत दुरुस्त होत राहतो. १९८१ पर्यंत ही पद्धत अमेरिकेत सर्वमान्य होत गेली.

येथे प्रथमच इंजिन स्वतःच्या धुराकडे पाहून स्वतःत बदल करू लागले. आधीचे सर्व उपाय कारखान्यात एकदा ठरविलेल्या मापांवर विसंबून होते. मापे झिजेनुसार ढळत जात आणि ती ढळली हे इंजिनाला कळत नसे. मात्र संवेदक आला म्हणून चाचणी आणि रस्ता यांतील अंतर आपोआप मिटले नाही. वातानुकूलन चालू असताना १९९१ ते १९९५ या काळातील काही कॅडिलॅक मोटारींत मिश्रण दाट होत असे, आणि त्यावेळची चाचणी वातानुकूलन बंद ठेवून होत असे. सुमारे ४,७०,००० मोटारींबाबतच्या या प्रकरणात जनरल मोटर्सने १९९५ मध्ये अमेरिकी शासनाशी तडजोड केली.

भारतीय संदर्भ : परीक्षा कशाची?

भारतात पेट्रोल वाहनांसाठी वजनाधारित मानके १९९१ मध्ये आली. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक अनिवार्य झाला आणि शिसेरहित पेट्रोल उपलब्ध झाले. देशभर केवळ शिसेरहित पेट्रोल मात्र १ फेब्रुवारी २००० पासून मिळू लागले. दरम्यानच्या सुमारे पाच वर्षांत महानगरात घेतलेली मोटार बाहेरगावी नेऊन तेथील शिसेयुक्त पेट्रोल वारंवार भरले, तर उत्प्रेरक निकामी होण्याचा धोका होता. शिवाय तो अनेक मोटारींत कार्ब्युरेटरच्याच जोडीने आला होता. मिश्रणावर सतत नियंत्रण नसताना केवळ उत्प्रेरक बसविणे म्हणजे अमेरिकेच्या १९७५ मधील टप्प्यावर थांबणे होते.

वापरातील वाहनांची परीक्षा पीयूसी चाचणीत होते. प्रारंभी चारचाकी पेट्रोल वाहनांसाठी मंद गतीतील कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्के एवढी एकच मर्यादा होती. ऑक्टोबर २००४ पासून हायड्रोकार्बनची भर पडली. जुन्या चारचाकींसाठी ती मर्यादा दर दहा लाखांत १,५०० भाग अशी ठरली. या चाचणीने ठिणगी चुकणारे, चोक अडकलेले वा गाळणी तुंबलेले इंजिन उघडकीस येते, आणि ही उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही.

तथापि जुन्या कार्ब्युरेटरची रचना लक्षात घेता या चाचणीची मर्यादा स्पष्ट होते. कार्ब्युरेटरमध्ये मंद गतीसाठी इंधनाचा एक स्वतंत्र मार्ग असतो आणि वाहन वेगात असताना मुख्य जेटचा मार्ग काम करतो. मंद गतीचे मिश्रण एका स्क्रूने विरळ करता येते. मुख्य जेट झिजून मोठे झाले असेल तर त्या स्क्रूचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. म्हणजे मिस्त्रीने स्क्रू थोडा फिरविला की गाडी चाचणीत उत्तीर्ण होते, आणि रस्त्यावर मात्र दाट मिश्रण जाळीत राहते. नायट्रोजन ऑक्साइडे तर या चाचणीत मोजलीच जात नाहीत. मोजली तरी उपयोग नाही, कारण भार नसलेल्या इंजिनात ती फारशी तयार होत नाहीत. १९६६च्या कॅलिफोर्नियन मानकातील दोन्ही उणिवा, टक्केवारीवरील भर आणि नायट्रोजन ऑक्साइडांचा अभाव, येथे पुन्हा दिसतात.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. कार्ब्युरेटरच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या आणि नव्या वाहनांना एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू आहे. तरीही जुनी दुचाकी व चारचाकी वाहने लहान शहरांत चालू आहेत. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, फुटपाथवरचा विक्रेता आणि शाळेबाहेर थांबलेले मूल यांना प्रमाणपत्राशी कर्तव्य नसते. त्यांच्या श्वासात येते ते वेग वाढविणाऱ्या, भार ओढणाऱ्या, थंड उत्प्रेरकाच्या वाहनाचे उत्सर्जन, आणि चाचणी या अवस्था पाहत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की जुन्या पेट्रोल इंजिनातील उत्सर्जन नियंत्रण हे एका उपकरणाचे कार्य नव्हते. मिश्रण, ठिणगीची वेळ, तापमान, इंधनातील शिसे आणि देखभाल यांचा तो परस्परावलंबी समतोल होता. ज्या उपायांनी हा समतोल ओळखला ते टिकले. ज्यांनी केवळ मोजल्या जाणाऱ्या प्रदूषकाकडे पाहिले त्यांनी न मोजलेले प्रदूषक वाढविले. काय मोजावयाचे हे ठरविणारा अधिकारी आणि कोणता बिघड दुरुस्त करावयाचा हे ठरविणारा मालक यांचाही या समतोलात वाटा असतो.

म्हणून पर्यावरण अभ्यासाच्या अध्यापनात उत्प्रेरकाचे ते एक वाक्य पुरेसे मानू नये. कार्बन मोनॉक्साइड का वाढतो हे रसायनशास्त्राच्या अध्यापकाने, तापमानाचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या, स्वस्त शिसेयुक्त पेट्रोलचे आकर्षण अर्थशास्त्राच्या आणि मानकांतील पळवाटा राज्यशास्त्राच्या अध्यापकाने सांगितल्या, तर विद्यार्थ्याच्या हाती प्रश्न विचारण्याची पद्धत येईल. त्याच्या गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र हातात घेऊन त्याने एवढे जरी विचारले की हे कोणत्या वायूचे, इंजिनाच्या कोणत्या अवस्थेतील माप आहे, आणि यात काय मोजलेले नाही, तरी या विषयाचे अध्यापन सार्थकी लागले असे समजता येईल.